तीन पंच मिसिंग

मार्च-एप्रिल म्हणजे आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे ओल्या काजूगरांचे दिवस. आम्ही त्यांना बिब्बे म्हणतो. घाटावरच्यांनी औषधातला बिब्बा समजून घाबरू नये, तसा चीक दोघांचाही खुनशीच. तर त्या रविवारी परसातल्या झाडावरून काढलेल्या शंभरेक हिरव्या बिया आईने माझ्यापुढे ओतल्या आणि म्हणाली, हाताला खोबरेल लाव आणि सोलायला बस, रात्रीला तोणाक (खोबऱ्याचा रस्सा) करते. मी म्हटलं तेलाने हात बुळबुळतात, सुरी सटकते, राहू दे. पुढच्या आठवड्याचा सगळा सत्यानाश त्या एका ‘राहू दे’मध्ये होता, पण तोणाक इतकं झकास झालं होतं की रात्री तिसऱ्यांदा वाढून घेताना अंगठे थोडे चुरचुरतायत एवढंच जाणवलं.

सोमवारी सकाळी अंगठे काळपट. ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने तरीही ओळखलं, थँक यू म्हणालं. संध्याकाळपर्यंत मात्र सापाने कात टाकावी तशी दोन्ही अंगठ्यांची साल निघाली आणि मशीनने ओळख सोडली. प्लीज ट्राय अगेन. परत लावला, प्लीज ट्राय अगेन. मागे लाइन, सगळ्यांना पणजीच्या स्टँडवर बस पकडायची असते, सिक्युरिटीवाला म्हणाला सर कपाळावर घासा, तेल लागतं मग घेतो. घासला. सर फुंकर मारा. मारली. सर शर्टाला पुसा. मागून एक बाई म्हणाल्या, आता नारळ फोडा. मशीनमध्ये माझे दोनच अंगठे नोंदवलेले आणि बिब्बे सोलताना मी नेमके तेच दोन वापरले होते, बाकीची आठ बोटं ठणठणीत, पण त्यांना विचारतो कोण?

दिवसाला दोन पंच, एक येताना एक जाताना. सोमवारचा जातानाचा गेला, मंगळवारचे दोन्ही गेले. झाले तीन. बुधवारी सकाळी मोबाइलवर मेसेज: थ्री पंचेस मिसिंग, शुक्रवारपर्यंत रेग्युलराइज करा, नाहीतर पगार कापला जाईल.

फोंडा ते पणजी बस भोमला अडकते, बाणस्तारीच्या पुलावर अडकते आणि जुन्या गोव्याला एखाद्या भाविकासारखी उगाचच रेंगाळते, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर. या एका शब्दाने माणसाचा किती छळ करावा? मुळात पंच म्हणजे भोक पाडणं. आजोळी सावंतवाडीला जाताना एसटीत कंडक्टरच्या हातात तो तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असायचा, अर्धं काम तिकिटाला टोचणं आणि अर्धं काम दांड्यावर टिकटिक वाजवून झोपलेल्यांना उठवणं. माझा मामा आयटीआयचा फिटर, त्याच्या पेटीत सेंटर पंच नावाचा टोकदार खिळा, ड्रिल मारायच्या आधी पत्र्यावर त्याने ठिपका पाडायचा म्हणजे ड्रिल घसरत नाही. चवथ, म्हणजे गणपती, झाल्यावर पट्ट्याला एक भोक वाढवून घ्यायला मी मोच्याकडे जातो, तोही पंचच (खरं तर आता पट्टाच संपत आलाय, पण ते असो). आणि मग ठोसाही पंच, विनोदाचा शेवटही पंच. आमच्या देवळातल्या जत्रेच्या नाटकात मी गेली आठ वर्षं दुसरा शिपाई करतो, मला दोन वाक्यं, पण प्रत्येक तालमीला डायरेक्टर ओरडतोच, अरे पंच पडत नाही! दोन वाक्यांत किती पाडणार, एक ‘जी महाराज’ आहे.

या सगळ्यांचं मूळ म्हणे लॅटिनमधल्या टोचणे या अर्थाच्या क्रियापदात. पंक्चर त्याचंच, पॉइंट त्याचंच, आणि वेळेवर येणारा तो पंक्चुअल, तोही त्याचंच. म्हणजे वेळेवर येणारी माणसं मुळातच टोचणारी असतात, हे मला आमच्या ऑफिसातल्या दोघातिघांकडे बघून आधीपासून माहीत होतं, आता पुरावा मिळाला. गंमत म्हणजे ऑफिसच्या पंचिंगमध्ये आता कशाला काही टोचलंच जात नाही. पूर्वी कारखान्याच्या दारात घड्याळ असायचं, त्यात कार्ड घालून वेळ उठवायची, तिथपर्यंत ठीक होतं. आता नुसता काचेवर अंगठा टेकवायचा, भोक पडतं ते पगाराला.

ऑफिसात गेल्यावर कळलं की रेग्युलराइज करायचा फॉर्म कागदावर भरायचा. मशीनने केलेल्या चुकीचा फॉर्म कागदावर, दोन कॉप्या, साहेबांची सही आणि फाइलला लावून पाहिजे. फाइलला लावायचा म्हणजे पुन्हा पंच! क्लार्कने तो दोन भोकांचा लोखंडी जबडा काढला. ही दोन भोकं जगात जवळजवळ सगळीकडे एकमेकांपासून 80 मिलिमीटरवर असतात, आंतरराष्ट्रीय मापच आहे ते, आणि माझ्या फॉर्मवर त्या 80 मिलिमीटरच्या एका टोकाला माझा एम्प्लॉयी नंबर आला आणि दुसऱ्या टोकाला साहेबांची सही. खटॅक. नंबरातला आठ गेला, सहीतलं पहिलं अक्षर गेलं. क्लार्क म्हणाला, नवीन भरा. मी म्हटलं, अहो तो आठ त्या डब्यात पडलाय. तर म्हणाला, त्या टिकल्या शिपाई चवथीच्या डेकोरेशनला नेतो, त्यातून शोधा हवा तर.

हे चाललं असताना माझा मोबाइल सायलेंटवर आणि तिकडे हेड ऑफिसातून एचआरच्या मुलीने मी फोन उचलत नाही म्हणून इमर्जन्सी नंबर लावला. तो आमच्या घरचा. मुलगी पुण्याची, गोड मराठी बोलणारी. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, ऐकायला बरोबर येतं, फक्त अर्थ स्वतःचा लावते.

“काकू, त्यांना सांगा, तीन पंच मिसिंग आहेत, सोमवारपासून.”

“अगो बाई. तिघे?”

“हो, तीन. शुक्रवारपर्यंत काहीतरी करायला सांगा, नाहीतर पगार जाईल.”

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, गोव्यात पंच म्हटलं की पहिली आठवण ग्रामपंचायतीच्या मेंबरचीच. 191 पंचायती आहेत राज्यात, म्हणजे मुठीएवढ्या गोव्यात दगड मारला तर एखाद्या पंचाला लागेल. आणि पंच गायब होणं याला आमच्याकडे एक ठरलेला अर्थ आहे. सरपंचावर अविश्वास ठराव आला की ठरावाच्या बाजूचे पंच कुठल्यातरी हॉटेलात नेऊन ठेवतात, मोबाइल बंद, थेट मतदानाच्या दिवशी गाडीतून उतरतात. आमच्या पंचायतीत पंच सात. तीन गायब म्हणजे चौथा मिळाला की सरपंच पडला.

आईने हे फक्त शेजारच्या वयनींना सांगितलं. तेही ‘कुणाला बोलू नका’ म्हणून.

दुपारी तीनपर्यंत तिन्ही गायब पंचांची नावं गावानेच ठरवून टाकली होती. आमच्या वॉर्डाचा पंच, कारण सोमवारपासून त्याचा फोन स्विच ऑफ. दुसरा, कारण त्याच्या दारात गाडी नव्हती. तिसऱ्याला पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दोन दिवस बघितलं नव्हतं आणि पाव घ्यायला पंच स्वतः येतो हे म्हणे सगळ्यांना माहीत आहे. चारला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘भूकंप’. साडेचारला खुद्द सरपंचांचा आमच्या लँडलाइनवर फोन.

“मावशी, मी काही रागावत नाही. चौथा कोण तेवढंच सांगा.”

“मला तीनच सांगितले बाबा,” आई म्हणाली, “पण शुक्रवारपर्यंत काहीतरी कर, पगार जाईल म्हणाली.”

सरपंचांनी त्या रात्री जेवण घेतलं नाही असं नंतर कळलं.

मी सात वाजता घरी पोचतो तर दारात नवी कोरी गाडी. आमचा पंच पंचमधून आला होता. टाटाने 2021 साली त्या गाडीचं नाव पंच ठेवलं तेव्हा गोव्यात काय काय होईल याचा विचार केला नसणार. बरोबर उरलेले दोघे गायबही होते, जिवंत असल्याचं गावाला दाखवत अख्ख्या रस्त्याने काच खाली करून आलेले. तिघे बाल्कांवात (घरापुढच्या व्हरांड्यात) सोप्यावर (तिथल्या बसायच्या कट्ट्यावर) ओळीने बसले. एकाने फोन बंद ठेवला होता कारण रस्त्यावरचे दिवे गेलेत म्हणून वॉर्ड त्याला झोपू देत नव्हता. दुसऱ्याची गाडी गॅरेजमध्ये. तिसऱ्याला डॉक्टरने पाव बंद केलाय. बस्स, एवढाच अविश्वास ठराव.

मी अंगठे दाखवले, मशीनची गोष्ट सांगितली. आधी कुणाला पटेना, मग मेसेज दाखवला, मग आमच्या वॉर्डाचा पंच इतका हसला की सोप्यावरून खाली आला, आणि हसणं थांबल्यावर गाडीतून हुर्राकची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, बाटली घेऊन आला. सीझनच होता. आईने लिंबं कापून दिली, मीठ दिलं, हिरवी मिरची उभी चिरली, लिम्का वयनींच्या फ्रिजमधून आला, आणि वयनीही आल्या, कारण बातमीचा उगम त्यांना बघायचा होता.

मला राहवलं नाही, मी मोजलं: हुर्राक, लिंबू, मीठ, मिरची, लिम्का. पाच. म्हटलं ऐका, इंग्रज लोक ज्या पेयाला पंच म्हणतात त्याचा भोक पाडण्याशी म्हणे काही संबंध नाही. 1673 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर नावाचा डॉक्टर इकडे आला, त्याने लिहून ठेवलंय की उत्तम आरक (गाळलेली दारू) नेरूळला होते, त्याचं इंग्रज लोक एक अंगातली ताकद काढून घेणारं पेय करतात, त्यात पाच वस्तू म्हणून नाव पंच. नेरूळ म्हणजे आपलं बार्देशातलं!

तिघेही पंच गप्प झाले. मग एक म्हणाला, “म्हणजे इंग्रजांनी आमच्याकडून पाच नेले आणि परत पाठवलं ते हे, अंगठ्याचं मशीन?”

ताकदीचं मात्र फ्रायरने बरोबर लिहिलंय. लिंबाचा रस सोललेल्या अंगठ्यात गेला आणि मी असा ओरडलो की आठ वर्षांत नाटकात ओरडलो नव्हतो. तेवढ्यात आत लँडलाइन वाजला. एचआरची मुलगी, साडेआठ वाजता, ही पोरं घरी कधी जातात देव जाणे. मी उठेपर्यंत आईने उचलला होता.

“हो गो बाय, मिळाले तिघेही,” आई म्हणाली. “इथेच बाल्कांवात बसलेत. पितायत.”