चाळीस मिनिटांत कशाचं काय होतं हो?

डिस्प्लेवर आत्ता 112 अंश दिसतंय. 50 च्या खाली आल्याशिवाय मी मशीनच्या दाराला हात लावणार नाही, म्हणून बसल्या बसल्या हे लिहितेय. नाहीतर कुणाच्या तरी अंगावर ओरडले असते.

आमच्या लॅबमध्ये मायक्रोवेव्ह डायजेस्टर, म्हणजे सॅम्पल ॲसिडमध्ये पार विरघळवून त्यातले धातू मोजण्याजोगं करणारं मशीन, घ्यायचा ठरला, तेव्हा विकायला आलेल्या माणसानं सरांच्या केबिनमध्ये चहा पीत सांगितलं, "सर, फक्त 40 मिनिटं." तो पुढच्या गावाला गेला, आकडा इथंच मुक्कामाला राहिला. आता सरांच्या तोंडी 40 मिनिटं, रिसेप्शनवरच्या पोरीच्या तोंडी 40 मिनिटं, आणि शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याच्याही तोंडी तेच. "म्याडम, अकराला सॅम्पल दिलंय की. अजून झालं न्हाई?"

नाही झालं, काका. तुमचा गूळ पावसाळ्यात पाघळतो, स्पॅच्युलाला चिकटतो, आणि मला तो 0.25 ग्रॅम, चार दशांशापर्यंत मोजून, टेफ्लॉनच्या भांड्याच्या तळाला घालायचा असतो. कडेला चिकटवून चालत नाही. अशी 16 भांडी. मग प्रत्येकात 8 मिली नायट्रिक ॲसिड, 2 मिली पेरॉक्साइड, आणि वर अर्धा तास झाकण न लावता नुसतं ठेवायचं, पहिला फेस आणि वाफ निघून जाईपर्यंत. मग सोळा झाकणं सारखी आवळायची. मग 20 मिनिटं तापमान चढणार, 15 मिनिटं 190 वर थांबणार, आणि नंतर तासभर थंड होणार. मग फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, एकेक भांडं हळूच सैल करायचं, पाणी घालून 50 मिली करायचं. आणि ही भांडी कुणी धुवायची? नळाखाली नाही धरायची हो ती, त्यांत ॲसिड घालून आणखी एक रन द्यायचा असतो. आता यातली 40 मिनिटं कुठली ती मला कुणीतरी दाखवा.

104.

"घरच्या मायक्रोवेव्हसारखंच ना?" हा प्रश्न मला लग्नकार्यात सुद्धा विचारतात. लहरी त्याच, 2.45 गिगाहर्ट्झच्या, तेवढं कबूल. पण घरी तुम्ही दुधाचा कप ठेवता. इथं उघड्यावर 120 अंशांच्या आसपास उकळणारं ॲसिड मी बंद भांड्यात कोंडून 190 पर्यंत नेते. कोंडायचं कशाला, तर उघड्या बीकरमध्ये पारा उडून जातो, आर्सेनिकचाही भरवसा नसतो. मग रिपोर्टवर "आढळले नाही" असं छापून येतं आणि सगळे खूश.

आणि ब्लँक! 16 पैकी एक भांडं ब्लँकला जातं, म्हणजे सॅम्पल न घालता नुसतं ॲसिड; एक प्रमाणित नमुन्याला, ज्यातला आकडा आधीच माहीत असतो; एक डुप्लिकेटला, म्हणजे तेच सॅम्पल परत; एक स्पाइकला, म्हणजे मुद्दाम मोजून धातू घातलेलं सॅम्पल. राहिली बारा. सरांना हे दर वेळी बघवत नाही. "ब्लँकमध्ये काय नसतंच न्हवं? मग जागा कशाला वाया घालवायची?" अहो, त्यात काही नाही हेच तर मला बघायचंय! पाव ग्रॅमचं 50 मिली केलं म्हणजे दोनशे पट पातळ झालं. ब्लँकमध्ये 1 पीपीबी, म्हणजे अब्जात एक भाग, शिसं निघालं, तर तेच गुळात 0.2 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 0.2 भाग, म्हणून दिसतं. ते ॲसिडचं की भांड्याचं की माझ्या हातमोज्याचं, ते ब्लँकशिवाय कळणार कसं?

त्यात लोक सॅम्पल काय आणतील नेम नाही. परवा एक जण हळद "तुमचं काम हलकं व्हावं म्हणून" घरच्या मिक्सरला बारीक करून घेऊन आला. स्टीलच्या पात्यानं. आणि तपासायचं होतं क्रोमियम आणि निकेल, जे स्टीलमध्येच असतं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गुरुवारचं गिळवत नाही.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजेवर. रनला गुळाची सातच सॅम्पलं होती. सर म्हणाले, मोकळ्या जागा कशाला सोडायच्या, पंचगंगेच्या पाण्याची सॅम्पलं पडलीत तीही घाला. वडाप आहे का हे, सगळी सीटं भरल्याशिवाय गाडी सुटत नाही? नव्या पोरानं घातली. वर त्याला वाटलं, पाव ग्रॅम म्हणजे फारच कमी, मशीनला दिसायचं नाही. म्हणून सात नंबरच्या भांड्यात त्यानं जवळजवळ ग्रॅमभर गूळ टाकला आणि अर्धा तास न थांबता झाकणं आवळली. 40 मिनिटांत बसवायचं होतं ना.

आमच्या मशीनमध्ये तापमानाचा सेन्सर एकाच भांड्यात जातो. बाकीची पंधरा त्याच्या मागून चालतात. पोरानं सेन्सर घातला पाण्याच्या भांड्यात. पाण्याला काय, ते निवांत तापत बसलं, आणि मशीन त्याच्याकडं बघून पॉवर देत राहिलं. तिकडं सात नंबरमध्ये साखर आणि नायट्रिक एकमेकांना भिडलेले. एक ग्रॅम साखर पूर्ण जळाली तर पाऊण लिटरच्या वर नुसता कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनचे तांबडे वायू वेगळेच. भांडं 100 मिलीचं.

बाराव्या मिनिटाला फट्ट. सात नंबरची, दाब वाढला की फुटणारी सेफ्टी डिस्क फुटली, शेजारच्या भांड्यांवर ॲसिड उडालं, आणि एक्झॉस्टमधून विटकरी धूर. अकाउंट्सवाला दारातून काय म्हणावा? "जाळ आणि धूर संगटच!" त्याला हसू येत होतं. पोरगा पांढरा फटक पडलेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अख्खा रन ओतून दिला, आणि व्यापाऱ्याला फोन करायला मी.

गुऱ्हाळावरच्या गुळव्याला विचारा. उसाच्या रसाची काईल उतू जायला लागली की तो तेलाचे थेंब टाकतो, जाळ ओढतो, घाई करत नाही. रस कधी चढणार हे त्याला फेसावरून कळतं. त्याला कुणी म्हणतं का, "40 मिनिटांत ढेप पाहिजे"? म्हणून तर बघू दे, रस ढवळायची डोईच घालील हातात.

78.

आज सगळं परत. फक्त गूळ, पाव-पाव ग्रॅम, सेन्सर गुळाच्याच भांड्यात, आणि चार जागा माझ्या त्या "वाया" गेलेल्या. सर मगाशी दोनदा डोकावून गेले. "थंडच व्हायचंय ना नुसतं? दार उघडून पंखा लावूया की." मी काही बोलले नाही, मास्क आणि गॉगल त्यांच्यापुढं धरला. गेले.

63. खाली काकांचा फोन वाजतोय. वाजू दे.