वर्ग कोण घेणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे

नमस्कार.

प्राध्यापकांना निवडणूक लढवायला आडकाठी नको, असं मी लिहिलं आणि तुम्ही रागावलात. तुमच्या मुलीच्या अनुदानित महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे सर जिल्हा परिषदेवर निवडून आले, सत्रभर वर्गावर फिरकले नाहीत, पगार मात्र चालू. तिथल्याच एका कारकुनाने ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरला तर त्याला कारणे दाखवा नोटीस. आणि मी या सगळ्याला तात्त्विक मुलामा दिला, असं तुमचं म्हणणं.

पगाराबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. मूळ लेखात ते यायला हवं होतं, आलं नाही, ही चूक माझी. मी स्वतः दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आहे. ज्यांचे तास मी घेत होतो ते सर प्रचारात असायचे आणि हजेरीपटावर त्यांची सही रोज असायची. मला तासाचे पैसे मिळायचे, तेही वर्ष संपल्यावर. मुलं विचारायची, "सर, पुढच्या महिन्यात तुम्हीच असणार ना?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून तुमच्या मुलीचं सत्र कसं गेलं असेल ते मला कळतं.

पण त्या सरांचा दोष उमेदवार होण्यात नव्हता, रजा न घेण्यात होता. अर्ज भरल्या दिवसापासून बिनपगारी रजा, निवडून आल्यास मुदत संपेपर्यंत तीच रजा, जागेवरचा धारणाधिकार, म्हणजे परत त्याच पदावर येण्याचा हक्क, कायम, आणि त्या काळासाठी पूर्ण पगारावर बदली शिक्षक. एवढं काटेकोर पाळलं तर तिजोरीचं नुकसान होत नाही आणि वर्गही रिकामा राहत नाही.

'शिक्षकाने राजकारणापासून लांब राहावं हीच आपली परंपरा' हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही. गोपाळ कृष्ण गोखले १८९९मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. बाबासाहेब १९३५मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा ते मुंबईच्या याच कायदे कौन्सिलचे सदस्य होते. मधू दंडवते सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. १९७१ला राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि पुढे रेल्वेमंत्री म्हणून त्यांनीच दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणली. अशा माणसाला आधी नोकरीवर पाणी सोडायला लावलं, तर ज्याच्या घरी शेती नाही की धंदा नाही, तो उभाच राहणार नाही. मग मैदान कोणाला मोकळं राहतं ते आपण पाहतोच आहोत.

राज्यघटनेच्या १७१व्या कलमाने शिक्षकांना विधान परिषदेत वेगळा मतदारसंघ दिला आहे. आपल्याकडे ७८पैकी ७ जागा त्यांच्या. उमेदवार शिक्षकच असावा अशी मात्र अट नाही. पदवीधर मतदारसंघाच्या उमेदवाराला पदवी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्येच सांगितलं. म्हणजे शिक्षकांच्या जागेवर शिक्षक नसलेला माणूस खुशाल उभा राहू शकतो, आणि प्रत्यक्ष शिकवणाऱ्याला आपण घरी बसा म्हणतो. हे मला सलतं.

तुमच्या बाजूने भक्कम आधार केरळचा आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१मध्ये अनुदानित शाळांतल्या शिक्षकांची निवडणूक लढवण्याची सवलत रद्द केली. शाळेतल्या लहान मुलांचा विचार करता तो निकाल मला समजतो. विद्यापीठात मुलं सज्ञान असतात, मतदार असतात, आणि एका सत्रासाठी दुसरा शिक्षक नेमता येतो. हार्वर्डचे प्राध्यापक सुगत बोस २०१४ ते २०१९ जादवपूरचे खासदार होते. २०१९ला विद्यापीठाची परवानगी मिळाली नाही, म्हणून ते उभे राहिले नाहीत. संस्थेने आधीच स्पष्ट हो किंवा नाही म्हणायचं, आणि ते सगळ्यांनी पाळायचं. मला एवढंच हवं आहे.

राहिला तो कारकून. इथे मात्र तुम्ही मला निरुत्तर केलंत. सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९च्या वर्तणूक नियमांनी निवडणूक बंद आहे, हे मला माहीत होतं आणि तेही मला पटत नाही. पण शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा मी विचारच केला नव्हता. प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, शिपाई यांनाही प्राध्यापकांइतकाच हक्क हवा, त्याच बिनपगारी अटीवर. लेखात तशी दुरुस्ती आज करतो.

तुमच्या मुलीसाठी एक करा. महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: त्या सरांच्या रजेचा मंजुरी आदेश, सत्राचं वेळापत्रक आणि त्यांच्या तासांचा हजेरीपट. तीनही कागदांच्या प्रती मिळाल्या की तुमची परवानगी असेल तर मला पाठवा. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला द्यायचं निवेदन आपण मिळून लिहू.