"तीनच तर चॅनेल होती!" – स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' या नावाने आलेली प्रतिक्रिया रात्री वाचली आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपले. पण सकाळी चहा टाकतानाही तेच डोक्यात घोळत होतं. म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल, इलाज नाही.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ डिसेंबर १९७७ ला, म्हणजे नाताळच्या दिवशी, ब्रिटनमध्ये बीबीसी वनवर काय काय लागलं होतं त्यावर मी लिहिलं होतं, विशेष करून संध्याकाळचं, ब्रूस फोर्साइथचा जनरेशन गेम हा खेळांचा कार्यक्रम, मग नकलाकार माइक यारवूडचा शो आणि मग ८.५५ ला मॉरकम अँड वाइज या विनोदी जोडीचा कार्यक्रम. त्यावर यांचं म्हणणं असं: "तीनच तर चॅनेल होती, लोकांना दुसरं बघायला होतंच काय? दोन कोटी लोकांनी बघितलं यात कौतुक कसलं! फॉरेनला राहून आलेल्यांना गोऱ्यांचं शेणही गोड लागतं." पुढे आणखी तीन मुद्दे आहेत, त्या काळच्या कार्यक्रमांतला वर्णद्वेष, 'मराठी वाचकाला याचं काय' आणि 'क्लिप बघितली, हसू आलं नाही'. त्यांच्याकडे येते.

आधी ते शेण. अहो, मुद्दा मांडायचा तर मांडा ना, कुणी अडवलंय? पण पहिल्याच परिच्छेदात शेण काढायचं आणि खाली 'राग मानू नये' असं लिहायचं, ही कुठली पद्धत? तुम्ही वयाने माझ्यापेक्षा मोठे असाल तर तुम्हाला हे शोभत नाही, लहान असाल तर कुणीतरी कान धरायला हवा होता. टोपणनावामागे काय, सगळेच एका वयाचे.

पोस्ट फार लांबली आणि आयटीव्हीला, म्हणजे बीबीसीच्या प्रतिस्पर्धी खाजगी चॅनेलला, मी दोन ओळींत गुंडाळलं, हे मान्य. तुमच्या प्रतिक्रियेत तेवढंच धड होतं आणि तेही तुम्ही कंसात टाकलंय.

आता 'तीनच चॅनेल' (बीबीसी वन, बीबीसी टू आणि आयटीव्ही). हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदाचं काय ते बोलूनच टाकते. पर्याय कमी म्हणजे लोक समोर येईल ते बघतात, असं तुमचं गृहीतक आहे. मग आपल्याकडे बघा की. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे तीन सोडा, एकच चॅनेल होतं. म्हणून काय अख्खी चाळ 'आमची माती आमची माणसं' बघायला जमायची का? नाही. छायागीत लागलं की मात्र ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात चपलांचा खच. एकच चॅनेल असताना सुद्धा लोक निवडतच होते, टीव्ही बंद करणं, उठून जाणं, गप्पा मारणं ही पण निवडच असते.

आणि ब्रिटनमध्ये तर खरीखुरी चढाओढ होती. आयटीव्ही काही लेचंपेचं चॅनेल नव्हतं, त्यांची कॉरोनेशन स्ट्रीट ही मालिका सोमवारी आणि बुधवारी लागायची आणि वर्षभर बीबीसीच्या तोंडाला फेस आणायची. रेडिओ टाइम्स हे कार्यक्रमांच्या वेळा छापणारं साप्ताहिक घेतलं तर त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम, आयटीव्हीचे हवे असतील तर टीव्ही टाइम्स वेगळा विकत घ्यायचा, हे १९९१ पर्यंत असंच चाललं. म्हणजे घरात कुठलं साप्ताहिक येतं इथूनच निवड सुरू व्हायची. आमच्याकडे नाताळचा रेडिओ टाइम्स, दोन आठवड्यांचा जाडजूड अंक, आला की आई बॉलपेनने एकेका कार्यक्रमाला गोल करायची आणि बाबा त्यातले अर्धे गोल खोडायचे.

आता तुम्ही म्हणाल की रिमोट नव्हता, उठून बटण दाबायचा कंटाळा, म्हणून लोक एकाच चॅनेलवर बसून राहायचे. होय, कंटाळा होताच! बीबीसीवाल्यांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर संध्याकाळची माळ अशी ओवलेली की एक संपला की दुसरा हजर, उठायला फटच ठेवायची नाही. बिल कॉटन त्याच वर्षी बीबीसी वनचे कंट्रोलर झाले होते आणि त्याआधी वर्षानुवर्षं करमणूक विभाग त्यांच्याच हाताखाली होता, या माणसाला लोकांना धरून कसं ठेवायचं ते कळत होतं. यारवूडच्या शोमध्ये पॉल मकार्टनी आणि विंग्ज आणून बसवले, ज्यांचं गाणं त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये नंबर एकवर होतं. याला तुम्ही 'दुसरं होतंच काय' म्हणता?

आणखी एक, याचं उत्तर द्याच. मॉरकम आणि वाइज १९७८ मध्ये बीबीसी सोडून थेम्स टेलिव्हिजनकडे गेले, म्हणजे आयटीव्हीवर. चॅनेल तितकीच. माणसं तीच. नाताळही तोच. पण त्यांना पुन्हा ती उंची गाठता आली नाही. त्यांचे लेखक एडी ब्रेबन सुरुवातीला त्यांच्याबरोबर गेले नाहीत हे त्याचं एक मोठं कारण. तीन चॅनेलमुळेच प्रेक्षक मिळत असते तर ते तिकडेही मिळायला हवे होते.

आकड्यांवरही तुम्ही 'थापा' असा शेरा मारलाय. पोस्टमध्ये मी स्वच्छ लिहिलं होतं की मॉरकम-वाइजच्या प्रेक्षकांचा २ कोटी ८० लाख हा बीबीसीचा स्वतःचा आकडा, ते लोकांना विचारून मोजायचे, आणि आयटीव्हीवाले टीव्ही सेटला मीटर लावून मोजायचे, त्यात तो २ कोटी १० लाखांच्या थोडा वर येतो आणि गंमत म्हणजे त्यात यारवूड मॉरकम-वाइजच्या एक पाऊल पुढे आहे. दोघांची मिळून एकच मोजणी १९८१ पासून सुरू झाली. धाकटा आकडा धरला तरी साडेपाच कोटींच्या आसपास वस्तीच्या देशात दोन कोटी माणसं एका वेळी एकच गोष्ट बघतायत, आणि घरात रेकॉर्डर जवळपास कुणाकडेच नाही, चुकलं की चुकलं. पण पोस्ट शेवटपर्यंत वाचायला धीर लागतो.

वर्णद्वेष. साहेब, हा धडा मला देऊ नका. बाबा तिकडे इंग्लंडमध्ये वॉल्सॉलजवळ डॉक्टर होते, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो, भाड्याचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याचं लायसन्स वर्षाला ९ पौंड (रंगीत असता तर २१). त्या नाताळानंतर पाचच दिवसांनी आयटीव्हीवर माइंड युवर लँग्वेज, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी लोकांची टर उडवणारी विनोदी मालिका, सुरू झाली आणि सुट्टी संपून शाळेत गेले तर पोरं मान हलवून माझ्याशी त्याच ॲक्सेंटमध्ये बोलायला लागली, बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. हे तुम्ही भोगलंय का? बीबीसीने मिन्स्ट्रेल शो, म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून गाणी म्हणायची तो कार्यक्रम, १९७८ पर्यंत चालवला, त्याविरुद्ध १९६७ मध्येच अर्ज गेलेला असताना, हे मला माहीत आहे. इट एंट हाफ हॉट मम या भारतातल्या ब्रिटिश लष्करी छावणीवरच्या विनोदी मालिकेत मायकल बेट्स या गोऱ्या नटाला काळवंडून रंगी राम केला होता तेही माहीत आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. ती पोस्ट एका दिवसाबद्दल होती, सगळ्या साम्राज्याबद्दल नव्हती.

मराठी वाचकाला याचं काय? तो जो रंगी राम, त्या मालिकेची छावणी सुरुवातीला कुठे दाखवलीय? आपल्या देवळालीत. नाशिकहून रिक्षाने जाता येतं. आणि माझा ब्लॉग आहे, मी काय लिहायचं ते मी ठरवेन.

राहता राहिली क्लिप. तुम्ही जी बघितलीत ती बहुधा बातम्या देणाऱ्यांची आणि निवेदकांची, मॉरकम-वाइजच्या त्याच कार्यक्रमातली, खलाशांचे कपडे घालून नाचतायत ती. रिचर्ड बेकर, मायकल अस्पेल, फ्रँक बॉफ ही माणसं एरवी गंभीर चेहऱ्याने पडद्यावर दिसायची आणि इथे कोलांट्या मारतायत (मारत नाहीत, उडी मारताना कॅमेरा तोडून खरा कसरतपटू घुसवलाय आणि तो घुसवलाय हे मुद्दाम कळू दिलंय). बातम्या देतादेता प्रदीप भिड्यांनी एकदम टेबलावरून उडी टाकली असती तर आपल्या घरात जे झालं असतं ते तिकडे झालं. ज्याने त्यांना एरवी पडद्यावर कधी बघितलंच नाही त्याला चाळीस सेकंदांच्या तुकड्यात काय हसू येणार? त्यापेक्षा त्याच कार्यक्रमातला पनेलपी कीथ या नटीचा भाग शोधा. उंची गाऊन घालून ती राणीसारखी भव्य जिन्यावरून उतरतेय, आणि अर्ध्यावर जिनाच संपतो, पुढचा बांधलेलाच नाही, मग बाई गाऊन सावरत उघड्या सांगाड्यावरून खाली उतरतात, चेहऱ्यावरचा तोरा तसाच. त्याला ना भाषा लागते ना संदर्भ. ते बघूनही हसू आलं नाही तर माझ्याकडे औषध नाही.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने टाका, छापेन. शेण असेल तर उडवेन, आधीच सांगून ठेवते. आणि आयटीव्हीवरची पोस्ट अर्धी लिहून झालीय, ती तुमच्यामुळे लिहितेय असं मात्र समजू नका.