कंपन्यांचा पैसा, कांदळवन आणि सोलापूरचा टँकर

"सोलापूर टँकरवर, आणि कंपन्यांचे कोट्यवधी रुपये समुद्रकाठच्या चिखलावर! हा पैसा आपल्या दुष्काळाला द्या. समुद्राशी आपला काय संबंध?" हा मजकूर आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्यातला राग मला समजतो, दावे मात्र पटत नाहीत.

'चिखल' हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. आपल्या माळालाही लोक असंच 'पडीक' म्हणत आले. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तरी भोवतालचा माळ रिकामी जागा समजून नांगरला गेला. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. ज्याला 'चिखल' म्हटलंय त्या कांदळवनाचं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातल्या तिवरांच्या जंगलाचंही तेच होतंय. तिवरांच्या मुळांत कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तिथे माणसं कमी दगावली, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं.

पैसा आपल्या वाट्याचा आहे का? २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, की ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावेत आणि स्वतःच्या परिसराला प्राधान्य द्यावं. पर्यावरणरक्षण त्या कामांच्या यादीत आहे. किनाऱ्यावर धंदा करणाऱ्याने किनारा राखायलाच हवा. आपण हिशेब मागायचा तो चिंचोळी एमआयडीसीत आणि जिल्ह्यातल्या मोठ्या उद्योगांकडे.

आणि संबंध? आपली भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते, कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाशी कांदळवन आहे. त्याला वरून येणारं गोडं पाणी आणि गाळ लागतो, आणि उजनीसारखी धरणं तो गाळ अडवतात. उजनीच्या पाण्यावर आपण ऊस पिकवतो, तेव्हा त्या किनाऱ्याचे आपण देणेकरी आहोत.

कंपन्यांच्या कांदळवन लावण्याबद्दल 'सगळं फोटोपुरतं असतं' अशीही तक्रार होते; ती मात्र बरीचशी खरी आहे. भरती-ओहोटी न बघता उघड्या चिखलपट्टीवर लावलेली रोपं मरतात, शिवाय तिथे चरणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. विक्रोळीत गोदरेजने आपल्या जागेतलं कांदळवन कित्येक दशकं राखलंय. तसं, उभं आहे ते राखण्याचं काम फोटोत दिसत नाही. म्हणून कंपन्यांना विचारा: लावलेल्यातली किती रोपं तीन वर्षांनी जगली? खाडीचं पाणी आत यायची वाट मोकळी केली का? हे विचारणारा मजकूर कुणी लिहिला, तर तो मी स्वतः सगळ्या ग्रुपांवर पाठवीन.