आधी महिना ठरवा, मग बोट

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांसाठी डाइव्ह बोट (जिच्यावर राहून स्कूबा डायव्हिंग करतात) कशी निवडावी, यावरच्या लेखात केबिन आणि जेवणावरच भर दिलाय, ते पटलं नाही. शार्कसाठी जायचं तर बुकिंगआधी एकच विचारा: डार्विन आणि वुल्फ या उत्तरेकडच्या बेटांवर डाइव्हचे दिवस किती? तिथे बोटीवर राहूनच डाइव्ह करता येतं.

व्हेल शार्क हवा असेल तर जून ते नोव्हेंबर. पाणी गार, समुद्र खवळलेला, पण पोट फुगलेल्या प्रचंड माद्या याच दिवसांत डार्विनजवळून जातात. हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क, वर्षभर असतात. प्रवाह असा की हातमोजे घालून खडकाला घट्ट धरून बसायचं आणि श्वास अगदी सावकाश सोडायचा, कारण बुडबुड्यांनी हॅमरहेड बिचकतात आणि अख्खी झुंड लांब सरकते. नवशिक्यांनी इथे घाई करू नका, अगदी कळकळीने सांगते. आधी प्रवाहातल्या डाइव्हची सवय करा.

एवढा खर्च झेपत नसेल तर मालदीवचं फुवाहमुलाह बेट बघा. तिथे गेस्टहाऊसमध्ये राहून टायगर शार्क दिसतात. अनुभव मात्र तिथेही लागतोच.