एमजीबीचा रबर बंपर कापायच्या आधी हे वाचा

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, नाशिकमध्ये तर माझ्या मामांना एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या लोकांनी तोच पाठवला. एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: रबर बंपरची एमजीबी म्हणजे अमेरिकेच्या कायद्यासाठी वाटोळं केलेली गाडी, तो बंपर काढून क्रोमचा लावा, सगळं बोल्टवर बसतं, शनिवार-रविवारचं काम आहे, वजन उतरलं की गाडी वळणावर चिकटून चालते, क्रोम कुठेही करून मिळतं, आणि क्रोम लागलं की गाडी व्हिंटेजमध्ये जाते, किंमतही वाढते.

मामांकडे १९७६ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची) आहे, इंग्लंडहून आलेली, आणि मेसेज वाचून ते खरंच डेंटरला बोलवायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. मी स्वतः नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो, पत्रा आणि प्लेटिंग रोज बघतो, आणि त्या गाडीखाली गेली चार वर्षं मीच झोपतोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पहिलं, कायद्याचं. हे अर्धं खरं आहे. १ सप्टेंबर १९७२ पासून अमेरिकेत नियम आला की गाडी ताशी ५ मैलांनी, म्हणजे साधारण ८ किलोमीटरच्या वेगाने भिंतीला पुढून धडकली तरी दिवे, पेट्रोलची टाकी वगैरे शाबूत राहिलं पाहिजे. पुढच्या वर्षी त्यात बंपर जमिनीपासून किती उंचीवर असावा हेही आलं. एमजीने अमेरिकेच्या गाड्यांना आधी क्रोम बंपरवरच रबराचे मोठे ठोकळे लावून बघितले, मग सप्टेंबर १९७४ च्या सुमाराला अख्खा काळा बंपर आणला, आणि ॲबिंग्डनच्या कारखान्यात दोन तऱ्हेच्या बॉड्या बनवणं परवडणारं नव्हतं म्हणून तोच बंपर ब्रिटनच्या गाड्यांनाही आला. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण 'वाटोळं' हा शब्द जिथून आलाय ती गोष्ट बंपरची नाहीच. तो बंपर ठरवलेल्या उंचीला आणायला कंपनीने अख्खी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली, आणि त्याच वेळी रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढून टाकला. गाडी वळणावर डुलते ती यामुळे. आणि इंजिन मेलं वगैरे जे म्हणतात ते अमेरिकेतल्या गाड्यांबद्दल आहे, तिथे १९७५ पासून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आला आणि गाडीचा दम गेला. ब्रिटनच्या गाडीला एसयू कार्ब्युरेटरची जोडी शेवटपर्यंत होती, मामांच्या गाडीला तीच आहे, बोनेट उघडा आणि बघा. हे सगळं एका पिशवीत कोंबून बंपरवर खापर फोडायचं, मला हे पटत नाही.

आता 'बोल्टवर बसतं'. इथे मी जरा सविस्तर लिहितो कारण लोकांचे पैसे आणि गाड्या इथेच जातात.

क्रोम बंपरच्या गाडीला पुढचे पार्किंग-इंडिकेटर फेंडरमध्ये असतात, हेडलाइटच्या खाली. रबर बंपरच्या गाडीला ते बंपरमध्येच आहेत. म्हणजे बंपर काढला की इंडिकेटर गेले, आणि फेंडरला त्यांची जागाच नाही. मग एक तर क्रोमच्या जमान्याचे फेंडर आणा, नाही तर आहे त्या फेंडरचा खालचा कोपरा कापून तिथे दिव्याची जागा असलेला तुकडा वेल्ड करा. पुढची खालची व्हॅलन्स, म्हणजे बंपरखालचा पत्रा, वेगळी. ग्रिल वेगळी, कारण रबर बंपरच्या गाडीला वेगळी ग्रिलच नाही, बंपरचाच आकार ग्रिलचं काम करतो, तो निघाला की समोर भोक उरतं. मागे गेलात तर मागच्या फेंडरचे खालचे कोपरेही वेगळे, बंपर झाकतो म्हणून तिथला पत्रा कमी ठेवलेला आहे, तो भरावा लागतो. नंबर प्लेटच्या दिव्याची जागा नव्याने ठरवायची, वायरिंग ओढायची. बंपरचे ब्रॅकेट वेगळे, जुन्याचे कापून घासून काढायचे. आणि एमजीबीला खाली वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी आहे, म्हणून ते ब्रॅकेट ज्या दांड्यावर आहेत तिथे ग्राइंडर चालवताना हात जपून चालवावा लागतो. यातलं बोल्टवर काय बसतं सांगा? शेवटचा बंपर बसतो बोल्टवर, बाकी सगळं कापणं, वेल्डिंग आणि अख्खं पुढचं-मागचं पेंटिंग.

एका मित्राच्या गाडीचं हे काम झालेलं मी जवळून बघितलंय, कुठल्या गॅरेजमध्ये ते सांगत नाही. बाहेरून एक नंबर दिसत होती. मी खिशातलं लोहचुंबक हेडलाइटखालच्या कोपऱ्याला लावलं तर ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दोन्ही बाजूंना पत्र्याचा तुकडा नुसता टाके मारून ठेवलेला आणि वर पुट्टीचा थर, माझ्या अंदाजाने पाव इंच तरी. त्र्यंबक रोडचा एक पावसाळा झाला आणि त्या पुट्टीला दिव्याभोवती केसासारखी भेग आली, आत पाणी मुरलं, दिवाळीपर्यंत रंगाखालून फुगे. मग तेच काम पुन्हा, यावेळी पूर्ण शिवण मारून, आतून प्रायमर, मेण, सगळं. आधीच्यापेक्षा जास्त खर्च झाला. तो मित्र आज म्हणतो की मला कोणी आधी सांगितलं असतं की हे डेंटिंगचं काम आहे तर मी चांगल्या डेंटरकडे गेलो असतो. म्हणून सांगतोय.

तिसरा मुद्दा, वजन उतरलं की गाडी वळणावर चिकटते. पहिल्यांदा हे कळू दे की 'रबर' बंपर रबराचा नाहीच, तो पॉलियुरेथेन आहे, आणि आत लोखंडाची जाड चौकट आहे. अंगठ्याने दाबलात तर वरचा थर किंचित दबतो आणि मग आतलं लोखंड लागतं. जड आहे, यात वाद नाही, दोन माणसं लागतात उचलायला. आणि तो गाडीच्या अगदी टोकांना आहे म्हणून वजन काढलं तर फरक पडतो हेही खरं. पण तुम्ही बंपर काढलात आणि गाडी आहे त्याच उंचीवर ठेवलीत तर पुढचं वजन कमी झालं म्हणून स्प्रिंग अजून मोकळ्या होतात आणि गाडीचं नाक आणखी वर जातं! क्रोमचा बारीक बंपर आणि चाकाच्या वर ही एवढी फट, गाडी टाचा उचलून उभी राहिल्यासारखी दिसते. आणि वळणावर डुलते तशीच डुलते.

आम्ही मामांच्या गाडीला काय केलं ते सांगतो. बंपरला हात लावला नाही. सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारी चाकांची हवा सारखी केली, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत पट्टी लावून चारी मापं लिहून घेतली (ड्रायव्हरची बाजू थोडी बसलेली निघाली, मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, दमले होते). पुढे आखूड कॉइल स्प्रिंग, मागे कमी बाकाचे नवे पाटे. मागे काही जण ॲक्सल आणि पाट्याच्या मधे ब्लॉक घालतात, तेही चालतं, पण मग लांब यू-बोल्ट घ्यायलाच हवेत, जुन्याच यू-बोल्टला दोन आटे धरून बसवलेलं मी बघितलंय, ते धोक्याचं आहे. आणि पुढे अँटी-रोल बार लावला. कंपनीने स्वतः तेच केलं होतं, १९७७ च्या मॉडेलला पुढे जाड बार आणि मागेही बार दिला, बंपर तोच ठेवून. म्हणजे चूक कुठे होती हे कारखान्यालाही कळलं होतं आणि त्यांनी दुरुस्त केली.

दीड इंच पूर्ण उतरवली नाही, एकच इंच उतरवली, कारण एमजीबीचा सायलेन्सर खाली लोंबतो आणि गंगापूर रोडपासून सोमेश्वरपर्यंत जे स्पीडब्रेकर आहेत त्यांना कुठलंही माप नाही. हे तुम्ही तुमच्या रस्त्याप्रमाणे ठरवा. पण फरक असा की वणीवरून सापुताऱ्याचा घाट चढताना आधी मामी दाराचं हँडल धरून बसायच्या, आता नाही धरत. मामा तर पहिल्या चार वळणांनंतर थांबले, खाली उतरले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आले, काही बोलले नाहीत, पुन्हा बसले. बंपर तोच, काळा, जड, आणि गाडी तीच.

क्रोम कुठेही होतं हा चौथा मुद्दा, यावर मी माझ्या धंद्यातलं सांगतो. क्रोम म्हणजे एक थर नाही. आधी जुना थर उतरवायचा, मग पत्रा घासून बफ करायचा, ठोकर असतील तर सरळ करायच्या, मग तांबं, मग पुन्हा बफ, मग निकेल, आणि शेवटी क्रोमियमचा अगदी पातळ थर, मायक्रॉनचाही काही भाग एवढाच. गंजापासून वाचवतं ते निकेल, क्रोम फक्त निळसर चमक देतं आणि निकेलला काळं पडू देत नाही. जिथे निकेल कमी चढवलं तिथे पहिल्या पावसाळ्यात पिनाच्या टोकाएवढे तांबडे ठिपके येतात. आमच्याकडे अंबड-सातपूरला प्लेटिंगवाले चांगले आहेत, पण त्यांचं काम छोट्या पार्टचं, हजारोंनी येणाऱ्या नगांचं. अख्खा बंपर, तोही कडेला वळलेला, टाकीत मावला पाहिजे आणि वाकलेल्या कोपऱ्यात करंट नीट पोचला पाहिजे, नाही तर मधे चकाकतं आणि कोपऱ्यात पिवळट दिसतं. मी दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी सरळ सांगितलं की दादा एक नग असेल तर आम्ही जबाबदारी घेत नाही. प्रामाणिक उत्तर आहे. क्रोमचं पाणी विषारी असतं, त्याची विल्हेवाट लावायचा खर्च असतो, म्हणून कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर तो थर कुठे वाचवतोय आणि पाणी कुठे सोडतोय हे विचारा. गोदावरी आपलीच आहे.

आणि काळा बंपर पांढरट पडतो म्हणतात, पडतोच, ऊन खातो तो. पण त्यावर इलाज सोपा आहे. तेल-पॉलिश सगळं धुऊन काढायचं, बारीक पेपर मारायचा, प्लॅस्टिकचा प्रायमर, आणि रंगात लवचिकपणाचं मिश्रण घालून सॅटिन काळा. नुसता साधा रंग मारला तर बंपर दबला की तडकतो. हीट गनने गरम करून काळा करतात ते चार-सहा महिने टिकतं, त्यासाठी जाऊ नका. आम्ही मारलेल्या रंगाला दोन उन्हाळे झाले, अजून काळाच आहे.

शेवटचं, व्हिंटेज आणि किंमत. हा भाग तर सरळ चुकीचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी धरली जाते, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' ची वेगळी नंबर प्लेट. त्यात बंपर क्रोमचा हवा असं एक अक्षर नाही. उलट अट अशी आहे की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४-७५ च्या पहिल्या रबर बंपर गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, म्हणजे आहेत तशा त्या पात्र आहेत, मामांची १९७६ ची पण त्याच रांगेत. आणि तुम्ही पुढचे-मागचे कोपरे कापून बसलात तर तपासणीला 'मूळ रूप' कसं दाखवणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुद्धा हेच म्हणतं, कंपनीने दिलेल्या तपशिलात बदल करू नका. किंमतीचं म्हणाल तर १९६८ ची खरी क्रोम गाडी आणि १९७६ ची क्रोम केलेली गाडी यांत जाणकार लगेच फरक करतो, बॉडी नंबर बघतो, सीटमागचं झाकण उचलून बॅटऱ्या बघतो: जुनीला सहा व्होल्टच्या दोन, रबर बंपरच्या जमान्यात बारा व्होल्टची एक. तेव्हा क्रोमच्या नावाने विकायला जाल तर तोंडघशी पडाल.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. गाडीचे पुढचे फेंडर आणि व्हॅलन्स गंजून खरंच संपले असतील, पत्रा बदलण्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर बदलतानाच क्रोमच्या जमान्याचे आणणं समजू शकतो, कापाकापी तशीही होणारच आहे. फक्त मग गाडी खाली उतरवा, अँटी-रोल बार लावा, फोटो आणि बिलं जपून ठेवा, विकताना समोरच्याला स्वतःहून सांगा. आणि काढलेला काळा बंपर आतल्या लोखंडासकट, इंडिकेटरसकट, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका, इथे दुसरा मिळत नाही.