भावाची किडनी आणि 'वर्षभरात गोळ्या बंद'

किडनी प्रत्यारोपणाबद्दल सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा : 'सख्ख्या नात्यातली, एकाच रक्तगटाची किडनी शरीर नाकारत नाही. वर्षभरात ती आपलीच होते. मग गोळ्या बंद करा, गुळवेलीचा काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा.' पहिली दोन वाक्यं नुसती चुकीची आहेत, तिसरं जिवावर बेतणारं आहे.

नातं आणि रक्तगट. शरीर परकं ओळखतं ते मुख्यतः पेशींवरच्या एचएलए प्रथिनांवरून. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, निम्मं जुळण्याची 50 आणि काहीच न जुळण्याची 25. पूर्ण जुळलं तरी बाकीच्या प्रथिनांत फरक उरतोच, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागतात. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा. 1954 साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या चमूने केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण अशाच जुळ्या भावांमध्ये होतं.

रक्तगट जुळला तरी क्रॉसमॅच ही चाचणी टाळता येत नाही. रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर टाकून बघतात. आधी रक्त चढवलेलं असेल किंवा बाळंतपणं झाली असतील, तर परक्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार असू शकतात. नवऱ्याची किडनी बायकोला देताना हे विशेष बघावं लागतं, कारण गरोदरपणात त्याच्याच प्रथिनांशी तिची गाठ पडलेली असते. अशा अँटिबॉडी नजरेतून सुटल्या तर नवी किडनी टेबलावरच काळीनिळी पडू शकते.

'वर्षभरात आपली होते.' होत नाही. किडनीच्या पेशी दात्याच्याच राहतात. गोळ्यांचा डोस पहिल्या वर्षात डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात, बहुधा त्यावरूनच ही समजूत पसरली असावी. गोळ्या सोडल्यावर दुखत नाही, लघवीही होत राहते, आणि तिथेच माणूस फसतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की हे वाढतं) वाढलेलं दिसेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं.

गुळवेल. औषधं प्रतिकारशक्ती दाबायला दिलेली, आणि काढा ती चेतवायला. शिवाय 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या केसेस नोंदवल्या आहेत.

खरी काळजी टॅक्रोलिमसच्या, म्हणजे या गोळ्यांमधल्या मुख्य औषधाच्या, रक्तातल्या पातळीची. गोळी दिवसातून दोनदा असेल, तर रक्त घ्यायचं ते आदल्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला तपासणीला जाणारे सवयीने गाडीतच गोळी घेतात. मग पातळी खोटी जास्त येते आणि डॉक्टर डोस उगाच कमी करतात. रक्त देईपर्यंत गोळी खिशातच ठेवा आणि आदल्या डोसची वेळ लॅबच्या कागदावर लिहा.

टीबीचं रिफॅम्पिसिन ही पातळी पार खाली आणतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोल ती वाढवतात. जुलाबातही ती वाढते, म्हणून उन्हाळ्यात पोट बिघडलं की नुसतं ओआरएस घेत घरी बसू नका, पातळीही तपासा. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. डाळिंबाचा प्रश्न सोलापुरात हमखास येतो : त्याविरुद्धचा पुरावा इतका पक्का नाही, पण डाळिंबात पोटॅशियम असतं आणि टॅक्रोलिमसमुळेही रक्तातलं पोटॅशियम वाढतं, तेव्हा रोज ग्लासभर रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.